तेरा मिलिमीटरची फट: खाली बसलेल्या स्पोर्ट्स कारसाठी जॅक निवडण्याचं एक प्रकरण

गाडी माझदाची एमएक्स-५, पहिल्या पिढीतली. १९८९ मध्ये आलेली ही दोन आसनी गाडी. हेडलाइट लावले की ते बॉनेटमधून वर उठतात. कंपनीतून निघाली तेव्हा ती फार खाली बसणारी नव्हती. पण आधीच्या मालकाने सस्पेन्शन बदलून ती खाली घेतली आणि पुढच्या बंपरखाली प्लास्टिकची लिप, म्हणजे खाली उतरणारी पट्टी बसवली. आताचा मालक माझा मित्र. ऑइल बदलणं, ब्रेक पॅड घालणं असली कामं त्याला स्वतः करायची होती. त्याच्याकडे दोन टनांचा एक जुना फ्लोअर जॅक, म्हणजे चाकांवर सरकणारा हायड्रॉलिक जॅक होता, अगदी धडधाकट. तो गाडीखाली जातच नव्हता.

“लो प्रोफाइल घेऊन टाक,” म्हणजे बुटका जॅक घे, असं त्याला तिघांनी सांगितलं होतं. चौथा मी. नंतर आम्ही दोन शनिवार टेप, पुठ्ठा आणि खडू घेऊन गाडीभोवती रांगलो, आणि शेवटी जो जॅक आणला तो नुसत्या त्या सल्ल्यावर गेलो असतो तर आम्ही उचलला नसता.

आधीची एक चूक इथेच सांगतो, कारण पुढचे बरेच निर्णय तिच्यामुळे झाले. जॅक खाली जात नाही म्हटल्यावर मित्राने एकदा डिकीतला कात्री जॅक काढला आणि दाराखालच्या उंबऱ्याला लावला. उंबऱ्याच्या तळाशी दोन पत्रे जोडून केलेली उभी शिवण असते. तिच्यात पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे खाचा करून जॅकची जागा दाखवलेली असते, आणि तेवढ्याच भागात आतून मजबुती असते. याने जॅक लावला खाचेपासून वीतभर मागे. शिवण कागदाची घडी पडावी तशी दुमडली. पक्कडीने सरळ केली, पण रंग फुटला आणि तिथून गंज सुरू झाला. तेव्हापासून उंबऱ्याला जॅक लावायचा म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो.

शिवाय उंबऱ्याची एक अडचण अशी, की जॅक जिथे लावायचा तिथेच स्टँडही, म्हणजे उचललेली गाडी धरून ठेवणारा पक्का टेकू, लावायचा असतो. जॅकने खाच अडवली तर स्टँड कुठे ठेवणार? आणि स्टँडशिवाय गाडीखाली जाण्याचा प्रश्नच नाही. हायड्रॉलिक जॅक हे उचलण्याचं साधन आहे, धरून ठेवण्याचं नव्हे. एक सील गळलं की गाडी खाली. म्हणून ठरलं असं: पुढून आत जायचं, इंजिनाखालच्या क्रॉसमेंबरच्या, म्हणजे आडव्या तुळईच्या, मध्यावर जॅक लावायचा, पुढची दोन्ही चाकं एकदम उचलायची आणि दोन्ही बाजूंच्या खाचांखाली स्टँड ठेवायचे. या गाडीत क्रॉसमेंबरचा मध्य ही उचलण्याची अधिकृत जागा आहे. मागच्या बाजूला तेच काम डिफरन्शिअलचं, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचं, घर करतं. मागची बाजू इतकी खाली नव्हती, त्यामुळे तिचा विषय इथे संपला.

टनांचा हिशेब

मित्राची पहिली अट होती तीन टन. “एवढा तरी हवाच.” गाडीचं वजन हजार किलोच्याही आत. पुढे-मागे वजन जवळपास निम्मं निम्मं वाटलेलं, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकत्र उचलताना जॅकवर पाचशेच्या आसपास किलो येणार. दीड टनाचा जॅकसुद्धा या कामाला तिप्पट ताकदीचा ठरतो. तीन टन हा आकडा गाडीला लागत नव्हता, मित्राला लागत होता.

पण टन वाढले की जॅकची लांबी आणि उंची वाढते, म्हणजे हे दोन आकडे अप्रत्यक्षपणे टनांच्या खरेदीबरोबरच घरी येतात. साधे दोन-तीन टनी जॅक सर्वांत खाली असतानाही १३० ते १५० मिमी उंच असतात. लो प्रोफाइल म्हणवणारे ७५ ते १०० मिमी. शर्यतीच्या गाड्यांसाठी म्हणून विकले जाणारे अॅल्युमिनियमचे दीड टनी जॅक वजनाला पोलादी जॅकच्या निम्मेही नसतात. ते एका हाताने उचलून डिकीत ठेवता येतात. मित्राची नजर त्यातल्याच एकावर होती. माझीही होती, खोटं कशाला बोलू.

गाडीची मापं

गाडी ज्या फरशीवर उचलायची त्याच फरशीवर, टायरमध्ये नेहमीची हवा भरून मापं घेतली. हवा कमी असलेल्या टायरवर घेतलेलं माप दहा मिलिमीटरने सहज फसवतं, आणि इथे दहा मिलिमीटर म्हणजे चैन.

लिपची खालची कड जमिनीपासून ९५ मिमी. क्रॉसमेंबरचा मध्य ११८ मिमी. खाचेजवळची शिवण ११०. आणि एक माप जे घ्यावं हे आम्हाला पहिल्या शनिवारी सुचलंच नव्हतं: लिपपासून क्रॉसमेंबरच्या मध्यापर्यंत आडवं अंतर ७२० मिमी.

जॅकच्या खोक्यावर किमान उंची म्हणून जो आकडा छापतात तो फक्त सॅडलचा असतो. सॅडल म्हणजे गाडीला टेकणारी पुढची गोल वाटी. पण वाटी एकटी गाडीखाली जात नाही. तिच्या मागे उचलणारा हात असतो, त्यामागे सिलिंडर, आणि शेवटी हँडल जिथे घुसतं ती खोबण, जी बहुतेक जॅकमध्ये सगळ्यांत उंच असते. वाटी ८० मिमीची असली तरी खोबण १५०ची असू शकते. वाटी क्रॉसमेंबरखाली पोहोचण्याआधी खोबण लिपला धडकली, तर ते ८० मिमी कोणत्या कामाचे?

खोबण कशीबशी लिपखालून आत गेली तरी भागत नाही. हँडल खालीवर हलायला हवं. खोबण आत गेली की हँडल लिपखालून तिरकं बाहेर येतं, वर घेतलं की बंपरला लागतं, आणि हाती उरतो वीतभर झोका. तेवढ्या झोक्याने गाडी चढते, पण बंपरच्या रंगावर हँडलची सही उमटते.

म्हणून दुकानात गेलो ते टेप आणि पुठ्ठा घेऊन. जॅकच्या शेजारी उकिडवं बसून वाटीच्या मध्यापासून दर दहा सेंटिमीटरवर त्याची उंची मोजली आणि बाजूने दिसणारा आकार पुठ्ठ्यावर उतरवून घेतला. दुकानदार आधी हसला, मग स्वतःच दुसऱ्या जॅकचं हँडल काढून देऊ लागला. घरी तो पुठ्ठा कापून गाडीखाली सरकवला. हे काम फुकटातलं आहे, आणि एवढ्यातच तीनपैकी दोन जॅक बाद झाले.

तीन उमेदवार

पहिला, अॅल्युमिनियमचा दीड टनी. वाटी ८८ मिमी, कमाल उंची ३३५. वाटीपासून खोबणीपर्यंत ४८० मिमी. म्हणजे वाटी क्रॉसमेंबरखाली नेली की खोबण लिपच्या २४० मिमी आत. हँडल हलवायला जागाच नाही.

तरी मित्राचा जीव त्यात अडकला होता, म्हणून कमाल उंचीही तपासली, आणि खरी गंमत तिथे निघाली. आमच्या स्टँडची किमान उंची २७८ मिमी. त्यावर शिवणीसाठी खाच असलेला रबरी ठोकळा, १२ मिमी. स्टँड आरामात सरकवायला १५ मिमी मोकळी जागा. म्हणजे शिवण ११० वरून ३०५ वर यायला हवी, १९५ मिमी वर. पण पुढून उचलताना गाडी मागच्या चाकांवर टेकून फिरते, दाराच्या बिजागरीसारखी. या गाडीच्या दोन आसांमधलं अंतर २२६५ मिमी. क्रॉसमेंबर साधारण पुढच्या आसाच्या रेषेत, तर खाच मागच्या आसापासून १७८० मिमीवर. शिवण १९५ वर यायची तर क्रॉसमेंबर त्याच्या सव्वापट, सुमारे २४८ मिमी वर जायला हवा. ११८ आणि २४८ मिळून ३६६. वाटीवर २५ मिमीचं रबर धरलं तरी हा जॅक ३६० ला थांबतो.

सहा मिलिमीटर कमी. शिवाय मागच्या स्प्रिंगा दबणार, त्याचं वेगळंच. चाकं जमिनीवरून सुटतील, बघणाऱ्याला गाडी छान उचललेली दिसेल, पण स्टँड खाली सरकणार नाही. अशा वेळी माणूस काय करतो ते मी पाहिलेलं आहे: “पाच मिनिटांचं तर काम,” म्हणत जॅकवरच्याच गाडीखाली डोकं घालतो.

रबराबद्दल जाता जाता. वाटी पोलादाची आणि दातेरी असते. उघडी लावली की रंग खरवडते आणि पोलादावर पोलाद घसरतंही. म्हणून वर रबर हवंच. पण रबराची जाडी किमान उंचीत मिळवावी लागते, आणि ती खोक्यावर कोणी छापत नाही. बर्फावरच्या हॉकीची चकती म्हणजे पक बरोबर एक इंच, २५.४ मिमी जाड असते; तिला खाच पाडून जॅकवर ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांचा ८० मिमीचा जॅक तेवढ्याने १०५ मिमीचा होतो.

दुसरा उमेदवार लो प्रोफाइल, पोलादी, तीन टनी, मित्राच्या पहिल्या अटीत बसणारा. वाटी ७८ मिमी, कमाल उंची ५०० च्या वर. उंचीचा प्रश्न पूर्ण मिटला. पण वाटीपासून खोबण ६०० मिमीवर आणि खोबणीची उंची १६५. पुठ्ठा गाडीखाली घातला तो लिपला अडकून दुमडला. सल्ला देणाऱ्या आम्हा चौघांच्या मनात बहुधा हाच जॅक होता.

तिसरा दोन टनी, पोलादी, लांब अंगाचा. वाटी ८२ मिमी, कमाल उंची पाचशेच्या आसपास, वाटीपासून खोबण ७६० मिमी. लिप ७२० वर, म्हणजे खोबण चाळीस मिलिमीटर बाहेर राहते आणि हँडल पूर्ण झोक्यात चालतं. वजनाला इतका, की दोघांनी उचलावा. पण फ्लोअर जॅक उचलून नेतो कोण? त्याला चाकं असतात.

अडचण एकच. वाटीपासून ७२० मिमीवर, म्हणजे नेमका लिपखाली येणारा त्याचा भाग, १३५ मिमी उंच होता. लिप ९५.

फळ्या

इथे मित्र वैतागला. “म्हणजे या गाडीला जॅकच नाही!” पण आपण एकाच वस्तूकडून दोन वेगळी कामं मागतोय हे मला तेव्हा दिसलं. जॅकने गाडीखाली शिरायचं हे एक काम, आणि गाडी पुरेशी वर न्यायची हे दुसरं. पहिल्यासाठी जॅक बारीक हवा, दुसऱ्यासाठी दांडगा. पहिलं काम जॅकवर टाकायचंच कशाला?

४० मिमी जाडीच्या दोन लाकडी फळ्या घेतल्या, एकेक टोक तासून उतरतं केलं आणि पुढची चाकं त्यांच्यावर चढवली. आसाजवळ गाडी ४० मिमी वर आली. लिप आसाच्याही पुढे असल्यामुळे बिजागरीच्या त्याच हिशेबाने ती ५३ मिमी वर आली. ९५ ची झाली १४८. जॅकचा भाग १३५. मध्ये तेरा मिलिमीटरची फट.

वाटीवर जाड ठोकळा ठेवणं आणि चाकाखाली फळी घालणं या दोन गोष्टी एकसारख्या वाटतात, पण त्यांची कामं उलटी आहेत. ठोकळा जॅकची कमाल उंची वाढवतो, पण शिरताना तेवढाच आड येतो. फळी शिरण्याची वाट मोकळी करते आणि कमाल उंचीला धक्का लावत नाही, कारण स्टँड फरशीवर असतो आणि क्रॉसमेंबरला फळीसकट किंवा फळीविना ३६६ मिमीलाच पोहोचायचं असतं. उलट जॅकला त्यातले ४० मिमी आयते मिळतात. आमच्याकडे उंची मुबलक होती आणि वाट अरुंद, म्हणून फळी. ज्याची अडचण उलटी असेल त्याने ठोकळा घ्यावा. पण तो वाटीत घट्ट बसणारा हवा, नुसतं वर ठेवलेलं लाकूड नको. दाबाखाली लाकूड रेषेत चिरतं.

मग जुनाच जॅक फळ्यांवर चालला नसता का, हे मित्राने विचारलंच. तपासलं. त्याची वाटी १३५ मिमी, फळ्यांवर क्रॉसमेंबर १५८. वर रबर ठेवायला जेमतेम जागा. पण त्याचं अंग आखूड, खोबण पुन्हा लिपच्या आत. फळ्यांचा थर दुप्पट केला तर आत जाईल, पण हँडल बंपरवरच आपटेल. जुना जॅक मागच्या बाजूसाठी ठेवला.

उचलण्याचा दिवस

नवा जॅक आणल्यावर लगेच गाडीखाली घातला नाही. हँडल मारताना ते स्पंजासारखं लागत होतं. वाहतुकीत आडवातिडवा पडलेल्या जॅकमध्ये हवा शिरते. दाब सोडणारा रिलीज व्हॉल्व्ह उघडा ठेवून पंधरा-वीस पूर्ण झोके मारले, व्हॉल्व्ह बंद केला, हँडल घट्ट लागलं. तेल कमी असेल तर जॅकचंच घालावं. ब्रेक फ्लुइड हातापाशी असतं म्हणून ते ओतणारे असतात. त्याने आतली रबरी सील फुगतात आणि जॅक कामातून जातो.

मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून पाचरी मारल्या, हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली. या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर आहे आणि गिअरही मागचीच चाकं धरतो, म्हणून पुढची बाजू उचलताना दोन्हींचा उपयोग. मागची उचलताना दोन्ही हवेत जातात, तेव्हा पुढच्या चाकांच्या पाचरींवरच सगळा भरवसा.

पहिल्या खेपेला फसलो. गाडी बोटभर उचलली असेल, तेवढ्यात वाटी क्रॉसमेंबरवर कर्रकन सरकली. लगेच खाली घेतली. वाकून पाहिलं तर जॅकचं पुढचं चाक फरशीच्या सांध्यात अडकलं होतं.

जॅकने सरकायला हवं असतं, ही गोष्ट अनेकांना उलटी वाटते. वाटी सरळ वर जात नाही. ती ज्या हातावर बसलेली असते तो मागच्या खिळीभोवती फिरतो, त्यामुळे वाटी वर चढता चढता हँडलच्या दिशेने मागे येते. आमच्या जॅकचा हात सुमारे ४५० मिमी. गाडी टेकल्यापासून स्टँडच्या उंचीपर्यंत वाटी जवळपास ८० मिमी मागे येते. गाडी तर पाचरींनी जागच्या जागी धरलेली. म्हणजे ते ८० मिमी जॅकने पुढे, गाडीखाली जाऊन भरून काढायचे. चाक अडलं की वाटी घसरते. म्हणून जॅकच्या चाकांना पाचर लावायची नाही, आणि मऊ डांबरावर किंवा खडीवर तर हे काम करायचंच नाही. लोखंडी चाकं रुततात.

जॅक आत येतो म्हणजे खोबणही आत येणार, मग लिपला लागणार नाही का? हा हिशेब आधीच करून ठेवला होता. खोबण लिपच्या चाळीसेक मिलिमीटर आत शिरते खरी, पण तोवर लिप वीतभराहून जास्त वर गेलेली असते. तेरा मिलिमीटरची काळजी पहिल्या काही झोक्यांपुरतीच.

फरशीच्या सांध्यावर पोलादाचा एक जाड पत्रा टाकला आणि दुसऱ्यांदा उचलली. जॅक पत्र्यावरून हळूहळू पुढे सरकताना दिसत होता. पहिले झोके जड लागले, पुढचे हलके. हात आडवा असताना वाटीचं खिळीपासूनचं आडवं अंतर सर्वांत जास्त असतं, म्हणून सिलिंडरला सगळ्यात जोर सुरुवातीलाच लावावा लागतो. शिवण ३०५ ला आली, स्टँड दोन्ही खाचांखाली सरकले, रबराची खाच शिवणीत बसली. व्हॉल्व्ह केसभर उघडून भार स्टँडवर सोडला. मग मित्राने गाडीला बाजूने खांदा लावून दोन-तीनदा जोरात ढकललं. हललीच तर आम्ही खाली नसताना हलू दे, हा त्यामागचा विचार. जॅक क्रॉसमेंबरला हलका टेकवून तसाच ठेवला.

ऑइल बदलायला वीस मिनिटं लागली. फळ्या जिथल्या तिथे होत्या. उतरवताना चाकं परत त्यांच्यावरच टेकली, नाहीतर जॅक बाहेर काढताना लिप त्याच्यावर बसली असती. ही गोष्ट मात्र आम्ही हिशेबाने केली नव्हती, फळ्या बाजूला करायचं विसरलो होतो.

मित्राने जॅकच्या अंगावर पांढऱ्या रंगाने १३५ असा आकडा घातला आणि त्या जागी आडवी रेघ ओढली. परवा त्याचा फोन आला. गाडी अजून थोडी छान दिसावी म्हणून त्याने ती आणखी पंधरा मिलिमीटर खाली घेतली आहे, आणि फळ्यांवर चढवूनही जॅक रेघेपाशी दोन मिलिमीटरला अडतोय. जाड फळ्या मिळतील का, विचारत होता.